‘पालेभाजी बंद’ : एका चिठ्ठीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे किडनीच्या वाटेनं आलंच नाही. आलं ते गोळ्यांच्या पिशवीतून.

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला एका उपकेंद्रात मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. मे महिन्यातल्या गरोदर मातांच्या तपासणीला एक सून आली. वय 21, पहिलटकरीण, साडेपाच महिने झालेले. बीपी ठीक, वजन बेताचं, हिमोग्लोबिन 9.2. आशाताईंनी तिच्या पिशवीतल्या गोळ्या टेबलावर ओतल्या. लोहाच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या बऱ्यापैकी रिकाम्या होत्या. कॅल्शियमच्या मात्र जशा दिल्या तशाच. चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन, या हिशेबानं शंभरावर गोळ्या पोटात जायला हव्या होत्या. एकही फोडलेली नव्हती.

“का गं, त्रास होतो का गोळीचा?”

ती काही बोलेना. शेवटी आशाताईच म्हणाल्या, “मॅडम, त्यांच्या घरी कॅल्शियम बंद हाय. पालेभाजी बी बंद हाय. मामाजीले खडा झाला नं.”

सासऱ्याला मुतखडा आणि गोळ्या सुनेच्या बंद. तपासणी आटोपल्यावर आशाताईंसोबत त्यांच्या घरी गेले.

घर आणि चिठ्ठी

घरच्या कर्त्या माणसाला सगळं गाव भाऊ म्हणतं, मीही इथे तेच म्हणते. वय 46. चार एकर वावर, त्यातलं साडेतीन कोरडवाहू, कपाशी आणि तूर. विहिरीलगतच्या अर्ध्या एकरात पालक, मेथी, सांबार. (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. बाहेरून आलेला डॉक्टर पहिल्या दिवशी हमखास फसतो.) हा माल आठवडी बाजारात जातो. बाजारात उरलेला पालक घरी येतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

घरात बायको, मुलगा, सून आणि भाऊंची सत्तरी ओलांडलेली आई. चूल एक.

प्लास्टिकच्या पिशवीतून सगळे कागद बाहेर आले. एप्रिलच्या शेवटी वावरात पऱ्हाटी उपटताना डाव्या कुशीत कळ उठली आणि जांघेपर्यंत गेली. गावात येणाऱ्या डॉक्टरकडून दोन दिवसांत दुखण्याची तीन इंजेक्शनं झाली. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, तेव्हा तालुक्याच्या गावी खाजगी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीत 8 मिलिमीटरचा खडा, वरची किडनी सुजलेली, उजव्या किडनीत दोन बारीक खडे. क्रिएटिनिन (किडनी रक्त किती साफ करते ते सांगणारी रक्ततपासणी) 1.7, म्हणजे वाढलेलं. दुर्बिणीतून खडा फोडून काढला, आत नळी ठेवली, चौथ्या दिवशी घरी सोडलं. काम चोख होतं, त्यात बोट ठेवायला जागा नाही.

सुट्टीच्या कागदावर खाली पेनानं एक ओळ होती : ‘पालक, टोमॅटो, वांगी, पालेभाजी, दूध बंद. पाणी भरपूर.’

ज्यानं ही ओळ लिहिली त्याच्या दाराबाहेर तेव्हा तीस पेशंट बसलेले असणार. मी स्वतः ओपीडी करते, मला ते कळतं. पण औषधाच्या पाच ओळी महिनाभरात संपतात आणि ‘बंद’वाली ओळ घरात वर्षानुवर्षं राहते. ती ओळ फक्त भाऊंपुरती होती, हे घरात कोणाला सुचलंच नाही. भाऊंच्या बायकोनं सरळ विचारलं, “एका घरात दोन भाज्या कोन रांधन, मॅडम?” मग सगळ्यांच्याच ताटात आलू, वरण, चून आणि ठेचा. सुनेच्याही. कॅल्शियमच्या गोळीचं कारण आणखी साधं होतं. भाऊ म्हणाले, “खडाच कॅल्शियमचा हाय, तं वरतून कॅल्शियमची गोळी कायले खाव?”

हा समज जुना होता. 2019 साली त्यांचा पहिला खडा आपोआप पडला होता. कोणीतरी तो तपासायला लावला आणि रिपोर्टवर ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ असं आलं. त्यातला पहिला शब्द ओळखीचा, दुसरा नाही. (ऑक्झलेट हा काही भाज्यांत असणारा एक पदार्थ, तो कॅल्शियमला धरून खडा बनवतो.) त्या दिवसापासून भाऊंनी दूध, दही, ताक सोडलं. म्हशीचं सगळं दूध डेअरीला जाऊ लागलं आणि घरात ताक होणंच थांबलं.

रस

कागदावर नसलेली गोष्ट मला शेळीनं सांगितली.

निघताना दारात बांधलेली पाट घमेल्यात तोंड घालून हिरवा ओला चोथा खात होती. पालेभाजी बंद असलेल्या घरात हा चोथा कुठला? आजी म्हणाली, “भाऊचा रस गायला (गाळला) त्याचा हाय.”

दोन वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरात भाऊंची साखर काठावर निघाली होती. मग मोबाइलवर एक व्हिडिओ आला. रोज सकाळी अनशापोटी कच्च्या पालकाचा रस घ्या, साखर उतरते, रक्त साफ होतं. पालक तर घरचाच, उन्हाळ्यातही विहिरीच्या पाण्यावर जुन्या साड्यांच्या सावलीत थोडाफार निघायचा. दोन जुड्या मिक्सरमध्ये फिरवायच्या, धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून गाळायच्या, पेलाभर रस प्यायचा. दोन वर्षं नेम चुकला नाही. ऑपरेशननंतर आठवडाभर थांबले, मग पुन्हा सुरू.

“पण पालक बंद सांगितला होता ना?”

“भाजी बंद केली नं मॅडम. रस तं औषध हाय.”

दवाखान्यात त्यांना कोणी रसाचं विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही, कारण खाण्याचं विचारलं की माणूस ताटातलं सांगतो, औषधातलं नाही. तेव्हापासून मी प्रश्न बदलला आहे. ‘काय खाता’ हे विचारतेच, पण त्यानंतर ‘सकाळी उठल्यावर पोटात पहिलं काय जातं’ हेही विचारते. निम्म्या घरांत काही ना काही निघतंच : कोरफड, गिलोय, मेथीचं पाणी, कारल्याचा रस.

आशाताईंनी बाजाराच्या काट्यावर दोन जुड्यांची निवडलेली पानं तोलली. पाव किलो भरली. 100 ग्रॅम कच्च्या पालकात साधारण 600 ते 1000 मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं. म्हणजे एका पेल्यासाठीच्या पानांत दीड ते अडीच ग्रॅम ऑक्झलेट. यातलं सगळं रसात उतरत नाही. ऑक्झलेटचा जो भाग आधीच कॅल्शियमशी बांधलेला आणि न विरघळणारा असतो, तो बराचसा चोथ्यात राहतो आणि शेळीला जातो. (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतू ऑक्झलेट खातात. सवय झालेल्या शेळीचं त्यानं फारसं बिघडत नाही.) विरघळणारा भाग मात्र पेल्यात येतो आणि आतड्यातून रक्तात शिरतो तो हाच. आपल्या रोजच्या साध्या जेवणात दिवसभरात शे-दोनशे मिलिग्रॅम ऑक्झलेट जातं, आणि निरोगी माणसाच्या लघवीतून 24 तासांत 40-45 मिलिग्रॅमच्या आत बाहेर पडतं. त्यातलंही बरंचसं आपलं यकृतच तयार करतं. पेल्यात समजा एक ग्रॅमच उतरलं आणि त्यातलं 5 टक्केच रक्तात गेलं, तरी नेहमीच्या बेरजेवर 50 मिलिग्रॅमची भर पडली. दुपटीच्या वर.

गाठ कुठं पडते

भाऊंना मी समजावलं ते असं. कॅल्शियम आणि ऑक्झलेट यांची गाठ पडणारच, ती टळत नाही. प्रश्न इतकाच की ती कुठं पडते. जेवणात ताक-दूध असलं तर दोघं आतड्यातच एकमेकांना धरतात, तिथं खडीसारखे घट्ट होतात आणि संडासवाटे निघून जातात. ताटात कॅल्शियम नसलं की ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात जातं, किडनीत उतरतं आणि तिथल्या लघवीतलं कॅल्शियम धरतं. मग खडा. ताक सोडून आणि रिकाम्या पोटी रस पिऊन भाऊंनी ही गाठ स्वतःच्या हातानं पोटातून उचलून किडनीत नेऊन ठेवली होती.

कॅल्शियम सोडलं की खडा टळतो असं एके काळी डॉक्टरही मानत. 2002 साली इटलीतल्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा खडे होणाऱ्या 120 पुरुषांना पाच वर्षं दोन तऱ्हेच्या आहारावर ठेवलं. साठ जणांना दूध-दुभतं कमी. उरलेल्या साठ जणांना कॅल्शियम नेहमीइतकं, पण मीठ आणि मांस कमी. पहिल्या गटात 23 जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात 12 जणांना. वीसहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला. तरी चिठ्ठीवर ‘दूध बंद’ अजून येतं.

दुसऱ्या आठवड्यात भाऊंना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. प्रयोगशाळेतल्या दादांनी ताज्या लघवीचा थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाशी भाऊंनाच बसवलं. एक डोळा मिटून बराच वेळ पाहिल्यावर भाऊ म्हणाले, “हे तं पोस्टाचे पाकिटं दिसून रायले.” अगदी बरोबर. कॅल्शियम ऑक्झलेटचा एक प्रकार असाच दिसतो, चौकोनी, मधे फुली, मागून चिकटवलेल्या लिफाफ्यासारखा. असे दोन-चार लिफाफे धडधाकट माणसाच्या लघवीतही सापडतात, त्यावरून रोग ठरत नाही. इथं मात्र नजर फिरवू तिकडे लिफाफे होते. माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यानं जे झालं नाही ते त्या काचेनं केलं. रस दुसऱ्या दिवशीच बंद झाला.

पाण्याचा प्रश्न उरला. ‘भरपूर’ म्हणजे किती? भाऊंच्या मते ते भरपूरच पीत होते. मी म्हटलं, पिता किती ते सोडा, निघतं किती ते पाहू. तेलाची पाच लिटरची रिकामी कॅन धुऊन तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा केल्या. एक पूर्ण दिवस-रात्र लघवी त्यातच करायची, वावरात गेलं तरी कॅन सोबत. थोडी थट्टा झाली, पण माप मिळालं : 900 मिलिलिटर, एक लिटरही नाही. पारा 45 च्या वर गेलेल्या दिवशी पाणी घामावाटेच उडून जातं आणि किडनीच्या वाट्याला जे उरतं ते घट्ट असतं. खड्याच्या माणसाची लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हायला हवी. त्यासाठी मे महिन्यात वावरातल्या माणसाला चार लिटरच्या पुढं प्यावं लागतं, आणि त्यातलं एक तांब्याभर रात्री झोपण्याआधी. आम्ही तांबे मोजायला सांगितलेच नाहीत. आठवड्यातून एकदा कॅन भरायची, बस्स.

खडा म्हणजे फक्त कळ नव्हे, हेही सांगणं भाग होतं. 2015 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 56 वर्षांच्या एका माणसाची हकीकत छापली. तो रोज 16 ग्लास थंड काळा चहा प्यायचा. चहातल्या ऑक्झलेटचे स्फटिक थेट किडनीच्या मांसात साचले आणि त्याला डायलिसिसवर जावं लागलं. हे ऐकून भाऊंची बायको हसली, कारण रस सोडला तर भाऊंच्या पोटात दिवसभर दुसरं काय जात असेल तर तो काळा चहा. दूध डेअरीला, चहा काळा.

आजीची अंबाडी

सगळ्यात उपयोगी पडली ती आजी. इतका वेळ ती भिंतीला टेकून ऐकत होती. “आमी तं जलमभर घोय खाल्ली, चिवय खाल्ली, धोपा खाल्ला. आमाले कदी खडा झाला नाई.” (घोय म्हणजे घोळ, चिवय म्हणजे चिवळ.)

असं वाक्य कानावर आलं की आमच्या क्षेत्रातली माणसं मनातल्या मनात मान हलवतात. मीही हलवली. मग विचारलं, रांधत कशी होता?

अंबाडी आधी गंजात उकळायची, ते पाणी फेकायचं, हातानं घट्ट पिळायची, मग कण्या घालून शिजवायची. धोप्याच्या पानाला, म्हणजे अळूला, चिंच लागतेच, नाही तर घसा खाजवतो. (ही खाज ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे होते. किडनीतला आणि घशातला शत्रू एकाच घराण्यातला.) चिवय बेसन लावून, किंवा ताकात. पालकाची पातळ भाजी चण्याची डाळ आणि ताक घालून. आणि कोणती भाजी रोज नाही : “वावरात जे निंगन ते. आज घोय, उद्या तरोटा, परवा काईच नाई.”

आता हिशेब लावून पाहा. घोळ, पालक, माठ, चवळी, चाकवत, चुका, धोपा या ऑक्झलेटनं भरलेल्या भाज्या. उकळून पाणी फेकलं की विरघळणाऱ्या ऑक्झलेटचा एक तृतीयांशापासून ते चार पंचमांशापर्यंत भाग पाण्यासोबत जातो. नुसत्या वाफेवर शिजवल्यानं एवढं जात नाही. उरलेल्याला ताकातलं कॅल्शियम पोटातच धरतं. आणि रोज तीच भाजी नसल्यानं किडनीला उसंत मिळते. आजीला ऑक्झलेट हा शब्द ठाऊक नव्हता. मुलाला ठाऊक झाला आणि त्यानं यातल्या तिन्ही गोष्टी उलट्या केल्या : कच्चा, ताकाविना, रोज.

तरी आजीचं सगळंच तसंच्या तसं उचलून चालणार नव्हतं. फेकलेल्या पाण्यातून ऑक्झलेट जातं तसं फॉलिक अ‍ॅसिड आणि क जीवनसत्त्वही जातं, आणि घरात गरोदर पोर होती. एका चुलीवर दोन गरजा. यावर आशाताईंनी काढलेला तोडगा मला अजून आवडतो. रोजच्या भाजीला मेथी, पत्ताकोबी, फुलकोबी आणि वरून मुठीनं सांबार. यांत ऑक्झलेट कमी, त्यामुळे पाणी फेकायची गरज नाही आणि सगळ्यांना चालतं. पालक आठवड्यातून एकदा, उकळून, पाणी टाकून, ताकातला. तो मेथी-पालक भाऊंच्याच अर्ध्या एकरातला. टोमॅटो-वांगी मोकळी. टोमॅटोच्या बिया किडनीत जाऊन खडा होतो, ही समजूत केवळ बी खड्यासारखं दिसतं म्हणून चालत आली आहे. टोमॅटोत ऑक्झलेट थोडंच असतं. आंबटपणावरूनही ठरवू नये. चुका आंबट आणि वाईट, लिंबू आंबट आणि चांगलं, कारण लिंबातलं सायट्रेट खडा बांधू देत नाही. ठेचा-पापड-लोणच्यावर हात आवरायला सांगितलं, कारण मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. त्यावर फार कोणी लक्ष दिलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर फुली मारायचा अधिकार मला नाही, आणि मारूही नये. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या सर्जनना फोन लावला. ते दोन मिनिटं ऐकून म्हणाले, “रसाचं मी विचारलंच नाही हो.” मग नवी चिठ्ठी झाली : ‘पालकाचा कच्चा रस बंद. भाजी उकळून, ताकासोबत. दूध-ताक चालू. दुखण्याचं इंजेक्शन विचारल्याशिवाय नाही. ही चिठ्ठी फक्त यांच्यासाठी.’ शेवटचं वाक्य मी आग्रहानं घालायला लावलं.

पुढं

सुनेनं कॅल्शियमची गोळी दोन्ही जेवणांसोबत सुरू केली. लोहाची रात्री झोपताना, लिंबूपाण्याबरोबर, कारण दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या की कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. ऑगस्टमध्ये तिचं हिमोग्लोबिन 10.6 झालं. याचं श्रेय मी मेथीला देणार नाही. गोळी नेमानं आणि नीट वेळेला गेली, हे मोठं कारण. सप्टेंबरात मुलगी झाली, 2 किलो 700 ग्रॅम.

भाऊंची नळी जूनमध्ये निघाली. जुलैत क्रिएटिनिन 1.1. ते 1.7 वर कशानं गेलं होतं? मूत्रवाहिनी तुंबली होती, अंगात पाणी नव्हतं, वरून तीन इंजेक्शनं, आणि दोन वर्षांचा रस. कोणाचा वाटा किती, हे आता कोणी वेगळं करून दाखवू शकणार नाही. मी रसाला दोष देते तो खड्यासाठी. किडनीच्या त्या आठवड्यासाठी मला इंजेक्शनांचा संशय जास्त आहे. डिसेंबरच्या सोनोग्राफीत उजवीकडचे दोन बारीक खडे होते तिथंच, होते तेवढेच, नवा नाही. कॅनवर 2.2 लिटरची खूण. साखर अजून काठावरच आहे. त्यासाठी ते संध्याकाळी शिवेपर्यंत चालत जातात, म्हणजे तसं सांगतात. घरी अर्धा लिटर दूध राहतं. दिवसातले तीन चहा दुधाचे झाले, चौथा काळाच.

जानेवारीत शेजारच्या टोलीवरची एक बाई तपासणीला आली. सातवा महिना, पिशवीत कॅल्शियमच्या भरलेल्या पट्ट्या. विचारलं तर तिनं मोबाइल पुढं केला. गावच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला फोटो होता, अक्षर ओळखीचं : ‘पालक, टोमॅटो, वांगी, पालेभाजी, दूध बंद.’ तिच्या घरी खडा कोणालाच नव्हता. नवऱ्याची नुसती कंबर दुखत होती.